सांभाळलेले देव

बसण्यापुरती जागा असली की पुरे. मांडी घालायलाच हवी असं नाही. खुर्ची चालेल, पाठ टेकली तरी चालेल. फोन तेवढा बाजूला ठेवा. पुढचा थोडा वेळ आपण क्यूबा बेटावरच्या एका धर्माजवळ बसणार आहोत. जवळ म्हणतोय, आत म्हणत नाही. आत जाण्याचे त्या धर्माचे स्वतःचे नियम आहेत आणि ते कडक आहेत. आपण उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचं, दिसेल ते बघायचं आणि मनात सावकाश घोळवायचं. मधे मधे मी थांबायला सांगेन, तेव्हा लगेच पुढचं वाक्य वाचू नका.

बाहेरचे लोक या धर्माला सांतेरिया म्हणतात. पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांना लुकुमी किंवा 'रेग्ला दे ओचा' ही नावं अधिक पटतात. त्याची मुळं आजच्या नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबा लोकांत आहेत. वाढला तो क्यूबातल्या उसाच्या मळ्यांत आणि हवाना, मातान्सास या शहरांच्या गल्ल्यांत. सगळ्यांच्या वर एक परमेश्वर आहे, ओलोदुमारे. पण तो लांब असतो. त्याचं देऊळ नाही, त्याला नैवेद्य नाही. माणसांचा रोजचा व्यवहार चालतो ओरिशांशी. नदी, समुद्र, वीज, लोखंड, वारा, रोगराई यांचे हे धनी. आणि ओरिशांत, झाडपाल्यात, रक्तात, उच्चारलेल्या शब्दात, माणसात जी ताकद कमीजास्त खेळत असते, तिला आशे म्हणतात. एवढी ओळख पुरे. व्याख्या पाठ करून मनन होत नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. जुन्या हवानातलं, उंच छताचं, भिंतींचा रंग उडालेलं. आत पाऊल टाकलंत की मागे वळून खाली बघा. दाराच्या मागे, जमिनीवर, मातीच्या बशीत मुठीएवढं सिमेंटचं डोकं आहे. डोळे कवड्यांचे, तोंडही कवडीचं. हा एलेग्वा. सगळ्या वाटा आणि चौक त्याच्या ताब्यात. त्याने वाट दिली तर पुढचं काम होतं, म्हणून प्रत्येक विधीत पहिला मान त्याचा. स्वभावाने खोडकर, त्याच्यापुढे गोळ्या-चॉकलेटं आणि खेळणी ठेवलेली दिसतील. शेजारच्या लोखंडी भांड्यात घोड्याचा नाल, साखळी, रुळाचा जाड खिळा, इवलीशी कुऱ्हाड असलं सामान. तो ओगून, लोखंडाचा धनी. त्याच भांड्यात छोटं धनुष्य आहे ते शिकारी ओचोसीचं.

घराची मालकीण साठीच्या पुढची आहे असं समजा. सोमवारी सकाळी ती इथे येऊन बसते. जमिनीवर गार पाण्याचे तीन थेंब सोडते. रमचा घोट तोंडात घेऊन एलेग्वावर फवारते, चिरुटाचा धूर त्याच्यावर सोडते, मेणबत्ती लावते. मग बोलायला लागते. नातवाच्या कागदपत्रांचं घोडं कुठे अडलंय ते विचारते. गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करते. मागच्या सोमवारी यायला जमलं नाही, त्याबद्दल माफी मागते.

'तुमचा यावर विश्वास आहे का,' असं तिला विचारलंत तर ती जरा बुचकळ्यात पडेल. तान्ह्या मुलावर विश्वास आहे का, असं आईला कुणी विचारत नाही. त्याला वेळेवर पाजावं लागतं, न्हाऊ घालावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं. तसंच हे. ओरिशाला खायला लागतं, प्यायला लागतं, त्याला ऊन-गार होतं, तो रुसतो. त्याला उपाशी ठेवलं तर त्याची ताकद ओसरते, आणि तुमचीही.

इथे पहिल्यांदा थांबा. तुमच्याही आयुष्यात असं काहीतरी असेल, जे तुम्ही मानता की नाही हा प्रश्नच कधी आला नाही, कारण हात रोज त्याच्याकडे जात होते. एखादं झाड असेल, एखादं माणूस असेल, एखादं काम. ते मनात आणा. त्याच्याबद्दल मत बनवू नका. हात काय करतात एवढंच आठवा.

घराच्या आतल्या खोलीत एक कपाट आहे. त्यात झाकणाची चिनी मातीची मोठी भांडी ओळीने मांडलेली. पूर्वी श्रीमंत गोऱ्यांच्या जेवणाच्या मेजावर अशा भांड्यांतून सूप वाढत. आता त्यांत ओरिशा राहतात. पिवळं भांडं ओशुनचं. नदी, मध, प्रेम, पैसा हे तिचं राज्य. निळं येमायाचं, म्हणजे समुद्राचं. पांढरंशुभ्र ओबातालाचं, ज्याने माणसांची शरीरं घडवली असं मानतात. विजेच्या चांगोला मात्र चिनी माती चालत नाही, त्याचं भांडं लाकडी. झाकण उघडून कुणी तुम्हाला दाखवणार नाही. आत दगड आहेत. नदीकाठचे, समुद्रकाठचे, हाताला गुळगुळीत लागणारे. दगड उचलण्याआधी त्याला विचारलेलं असतं, तू कुणाचा? मग झाडपाल्याच्या रसात त्याला न्हाऊ घातलेलं असतं. पान नसेल तर ओरिशाही नाही, अशी त्यांच्यात म्हण आहे. मूर्ती नाही, चेहरा नाही. देव म्हणजे हा दगड.

असं का झालं असेल? त्यासाठी त्या घरातून निघून दोनशेहून अधिक वर्षं मागे जाऊ.

1791 साली शेजारच्या बेटाच्या ज्या भागाला आज हैती म्हणतात तिथे गुलामांनी बंड केलं आणि तिथला साखरेचा धंदा कोसळला. ती बाजारपेठ पकडायला क्यूबातले मळेवाले धावले. उसाला माणसं हवी होती. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे योरुबांचं ओयो साम्राज्य आतून पोखरलं जात होतं. 19व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ते ढासळलं आणि लढायांत पकडलेली माणसं किनाऱ्यावर आणून विकली जाऊ लागली. गुलामांचा व्यापार 1820पासून बंद करायचं स्पेनने करारात कबूल केलं होतं. जहाजं 1860च्या दशकापर्यंत येतच राहिली. क्यूबात आणलेल्या आफ्रिकी माणसांचा एकूण आकडा 8 लाखांच्या घरात जातो. गुलामगिरी कायद्याने संपली 1886 साली.

आकडा वाचून झाला. तो तसाच सोडून पुढे जाणं सोपं आहे, म्हणून थोडं थांबा. त्या 8 लाखांतली एकच बाई मनासमोर आणा. जहाजाच्या तळाशी ती काय घेऊन येऊ शकते? घर नाही, शेत नाही, देऊळ नाही. भाषा आहे, पण शेजारी साखळीला बांधलेल्या माणसाला ती कळेलच असं नाही. मुलं कदाचित दुसऱ्या जहाजात. नावही बंदरावर उतरल्यावर बाप्तिस्मा देऊन बदललं जाणार. तिच्याकडे उरतं ते एवढंच: गाण्याच्या चाली, कुठलं पान कशाला लागतं ते ज्ञान, आणि नावं. दगड कुठेही मिळतात. पाणी कुठेही मिळतं. ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं गेलं, त्यांचा धर्म नदीकाठच्या दगडावर उभा राहिला यात मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की तो उभा राहिला.

शहरांतल्या आफ्रिकी लोकांना आपापल्या 'राष्ट्रा'नुसार मंडळं काढायला स्पॅनिश सरकारने परवानगी दिलेली होती. त्यांना काबिल्दो म्हणत. वर्गणी गोळा करायची, आजाऱ्याला मदत करायची, मेलेल्याला नीट पुरायचं, जमलं तर एखाद्याचं स्वातंत्र्य विकत घ्यायचं. 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ही मंडळं ढोल बडवत हवानाच्या रस्त्यांवर उतरत. सरकारला वाटे, निरुपद्रवी करमणूक आहे. मंडळाच्या आतल्या खोलीत काय चाललं होतं ते आता आपल्याला ठाऊक आहे.

आणि तिथेच एक मोठा बदल झाला. आफ्रिकेत एका गावाचा, एका कुळाचा आपापला ओरिशा असे. ओशुन तिच्या नदीकाठची, चांगो ओयोचा. क्यूबात गावंच उरली नाहीत, कुळं विखुरली. मग एकाच घरात, एकाच कपाटात सगळे ओरिशा शेजारी शेजारी येऊन राहिले. रक्ताचं कुटुंब मालकाच्या मर्जीवर होतं; आज आहे, उद्या विकलं जाईल. म्हणून दुसरं कुटुंब बांधलं गेलं. या धर्मात प्रवेश म्हणजे नवा जन्म, आणि जन्म म्हटला की जन्म देणारं कुणीतरी हवं. त्या बाईला माद्रिना म्हणतात, पुरुष असेल तर पाद्रिनो. तिची माद्रिना ती तुमची आजी. तिच्या हातून ज्यांनी ज्यांनी दीक्षा घेतली ते तुमचे भाऊबहीण. अशी शाखा मागे मागे जात शेवटी त्या जहाजातून उतरलेल्या एखाद्या बाईपाशी पोचते.

म्हणूनच या धर्मातला कुठलाही विधी नावांनी सुरू होतो. याला मोयुबा म्हणतात. जमिनीवर गार पाणी सोडायचं. पाणी गार, घर गार, वाट गार असं म्हणायचं. आणि मग गेलेल्यांची नावं घ्यायची, एकेक करून. एफुन्चे, लातुआन अशा 19व्या शतकातल्या स्त्रियांची नावं आजही घेतली जातात. त्यांच्यानंतर आपल्या शाखेतली नावं, मग आपल्या घरातली. नावं संपल्यावरच ओरिशाला हाक. मेलेल्यांनीच ओरिशाला जन्म दिला, असं लुकुमी लोक सांगतात. म्हणून मान आधी मेलेल्यांचा.

आता हे तुम्ही करून बघा. विधी म्हणून करू नका, तो त्यांचा आहे. आठवण म्हणून करा. मनातल्या मनात आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्या. वडील, आजोबा, पणजोबा इथवर बहुतेकांना येतं. श्राद्धाच्या संकल्पात तेवढी लागतात. आता आईकडून या. आई, आजी, पणजी. पणजीचं सासरचं नाव कदाचित कुठे सातबाऱ्यावर नाहीतर जुन्या फोटोच्या मागे सापडेल. माहेरचं? माझी गाडी इथे अडते आणि तुमचीही अडत असेल. मळ्यावर राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांनी दोनशे वर्षांची नावं तोंडपाठ पुढे पोचवली. आपल्याकडे वह्या होत्या.

थोडा वेळ त्या अडलेल्या जागी बसून राहा.

नावांनंतर डोकं. उजव्या हाताचा तळवा डोक्याच्या मध्यावर ठेवा, टाळूवर. जोर देऊ नका. लुकुमी समजुतीत देव राहतो तो इथे. प्रत्येकाच्या डोक्याचा एक धनी ओरिशा असतो, तो आपण निवडायचा नसतो, विचारून समजून घ्यायचा असतो. दीक्षेत तो डोक्यावर बसवला जातो. केस उतरवतात, झाडपाल्याच्या पाण्याने डोकं धुतात आणि मग तिथे त्याची स्थापना होते. पण ज्यांनी दीक्षा घेतलेली नाही त्यांच्याही डोक्याची निगा राखतात. एखादा फार त्रासलेला असला, झोप लागत नसली, एकामागून एक चुकीचे निर्णय होत असले, की म्हणतात, याचं डोकं तापलंय. त्याला पांढरे कपडे घालून बसवतात. किसलेलं खोबरं, कोकोचं लोणी, अंड्याच्या टरफलाची भुकटी, कापूस हे सगळं टाळूवर ठेवून, पांढरं फडकं बांधून, प्रार्थना म्हणत डोकं गार करतात. रात्री फडकं तसंच ठेवून झोपायचं. सगळं पांढरं, सगळं थंड, कारण डोक्यांचा मालक ओबाताला, आणि त्याला गडबड-गोंगाट सहन होत नाही.

शरीराला डोकं नेतं, असं त्यांच्या कौलातलं एक वचन आहे. पाय कुठेही पळाले तरी डोकं नेईल तिथेच माणूस पोचतो. हात अजून टाळूवर असेल तर तसाच राहू द्या. आज त्या तळव्याखाली काय तापलंय? उत्तर नको. फक्त ऊब जाणवते का बघा.

हात खाली घ्या. आता संतांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय हा धर्म समजत नाही आणि त्यांच्याबद्दल एक सोपी कथा फार पसरलेली आहे. ती कथा अशी: मालकांनी ख्रिस्ती व्हायला भाग पाडलं, तेव्हा गुलामांनी आपले देव संतांच्या चित्रांमागे लपवले. चांगोला सांता बार्बाराच्या लाल वस्त्रात, येमायाला हवानाच्या खाडीपलीकडच्या रेग्ला गावातल्या काळ्या मेरीमागे, ओशुनला एल कोब्रेच्या करुणामयी मेरीमागे. एल कोब्रेची ही मेरी 1916 साली पोपच्या शब्दाने साऱ्या क्यूबाची रक्षक ठरली. मुखवट्याची ही कथा खोटी नाही, अपुरी आहे. गुलामगिरी संपून शंभराहून अधिक वर्षं झाली, लपवायची सक्ती केव्हाच उरली नाही, तरी 4 डिसेंबरला लाल कपडे घालून सांता बार्बारापुढे मेणबत्ती लावणारे लोक घरी येऊन चांगोला सफरचंदं आणि केळी वाढतातच. त्यांना दोन्ही लागतात. धर्म म्हणजे कुंपण घातलेलं शेत असं ज्यांना वाटतं, त्यांना हे पटायला जड जातं. फेर्नांदो ओर्तिस या क्यूबन अभ्यासकाला तर हे सगळं आधी गुन्हेगारीच वाटलं होतं. या विषयावरच्या त्याच्या 1906 सालच्या पहिल्या पुस्तकाचा सूर तोच आहे. पुढे आयुष्यभर तो ऐकत राहिला, बदलला, आणि त्याच ढोलांचा आणि गाण्यांचा मोठा जाणकार झाला. त्याची मेहुणी लिदिया काब्रेरा हिने वयस्क काळ्या माणसांपुढे बसून, त्यांच्याच बोलण्यात, 1954 साली 'एल मोन्ते' हे पुस्तक सिद्ध केलं. आजही सांतेरो लोक, म्हणजे या धर्माची दीक्षा घेतलेले, ते घरी ठेवतात.

सगळ्या संतांत मला थांबवून धरतो तो मात्र सान लासारो.

हवानाच्या दक्षिणेला एल रिंकोन नावाचं ठिकाण आहे. तिथे त्याचं चर्च, आणि शेजारीच कुष्ठरोग्यांचं रुग्णालय. 16 डिसेंबरच्या रात्रीपासून 17 तारखेपर्यंत लोकांची रीघ लागते. चर्चला मान्य असलेला लाझारस हा बिशप आहे, उंची वस्त्रांतला. गर्दी येते ती दुसऱ्यासाठी: कुबड्या घेतलेला, अंगभर फोड आलेला, फोड चाटणारी कुत्री पायाशी असलेला भिकारी. बायबलमधल्या दृष्टांतातला हा माणूस. लोकांसाठी तोच बाबालु आये, आफ्रिकेत देवीच्या साथीचा धनी. कथा सांगतात की सांगितलेलं पथ्य त्याने मोडलं, अंगावर रोग फुटला, गावाने त्याला हाकलून दिलं. कुत्र्यांखेरीज कुणी बरोबर गेलं नाही. चालत चालत तो परक्या मुलखात पोचला आणि तिथल्या लोकांनी त्याला राजा केलं.

त्याचे भक्त गोणपाटाचे कपडे घालतात. कुणी रस्त्यावरून सरपटत येतं, कुणी पायाला दगड बांधून तो ओढत. मुलगा वाचला म्हणून, गाठ साधी निघाली म्हणून, कधी अजून काही निकाल लागला नाही म्हणूनही. 1959च्या क्रांतीनंतर सरकार स्वतःला निरीश्वर म्हणवत होतं. आस्तिकांना कम्युनिस्ट पक्षाचं सभासद होण्याची मुभा 1991 साली मिळाली आणि पुढच्या वर्षी राज्यघटनेतला निरीश्वरवाद गेला. त्या मधल्या तीस वर्षांतही एल रिंकोनचा रस्ता ओस पडला नाही.

या देवाकडे बघताना एक गोष्ट ध्यानात घ्या. तो रोग देणारा आहे आणि बराही करणारा आहे. जो जखमेचा मालक, त्याच्याच दारात जखम घेऊन जायचं. तुम्हाला ज्याची भीती वाटते, ज्याचं नाव घरात मोठ्याने घेत नाहीत, असं काही असेल. त्याला मनात एक जागा द्या, भिंतीलगत, कुबड्या टेकवायला. त्याच्याकडे काही मागू नका. बसू द्या.

आता कवडी. इथे आपला समुद्र या गोष्टीत येतो.

सांतेरियात कौल घेतात तो 16 कवड्यांचा. कवडीची फुगीर पाठ घासून सपाट केलेली असते, म्हणजे ती पाठीवर किंवा तोंडावर नीट पडते. दातेरी फट हे तिचं तोंड. चटईवर कवड्या टाकायच्या, किती तोंडं वर आली ते मोजायचं. आठ आली तर एक अक्षर, सात आली तर दुसरं. दोनदा टाकून अक्षरांची जोडी होते. 16 गुणिले 16, अशा 256 जोड्या. प्रत्येक जोडीत कथा, म्हणी, पथ्यं आणि उपाय साठवलेले. सात तोंडांच्या अक्षरात पहिलं थडगं खणलं गेलं, असं सांगतात. दीक्षेच्या तिसऱ्या दिवशी असा दीर्घ कौल होतो, तो वहीत उतरवून देतात, आणि माणूस जन्मभर ती वही सांभाळतो.

कवडीने दैव सांगायची चाल योरुबा मुलखात जुनी आहे. पण कवड्यांचे डोंगर पश्चिम आफ्रिकेत आले कुठून? पुष्कळशा मालदीवमधून. मालदीवच्या उथळ पाण्यात गोळा केलेल्या कवड्या बंगाल आणि सिलोनकडे जात. तिथून डच आणि इंग्रज जहाजं त्या भरतीचं वजन म्हणून तळाशी टाकून युरोपात नेत. अॅमस्टरडॅम आणि लंडनला त्यांचा लिलाव होई. घेणारे व्यापारी त्या उइदासारख्या आफ्रिकी बंदरांत उतरवत आणि बदल्यात माणसं चढवत. एकट्या 18व्या शतकात अशा अब्जावधी कवड्या गेल्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपल्याला घरची वाटते. त्याच हिंदी महासागरातल्या कवड्यांनी माणसांची किंमत मोजली गेली आहे.

जमलं तर एक कवडी मनाने तळहातावर घ्या. थंड आहे, हलकी आहे. तिने काय काय विकत घेतलं ते तिच्यावर लिहिलेलं नाही. विकल्या गेलेल्यांच्या पतवंडांनी ती घासली, पाण्याने आणि पानांनी धुतली, आणि तिच्या तोंडून देवाला बोलतं केलं. याला सूड म्हणता येत नाही, क्षमाही म्हणता येत नाही. मला तर यासाठी नावच सापडलेलं नाही.

नारळाची गोष्ट त्यामानाने हलकी. आफ्रिकेत छोटे कौल कोला नावाच्या फळाच्या पाकळ्यांनी घेत. क्यूबात त्यांच्या जागी नारळ आला, आणि तोही पोर्तुगीज जहाजांनी हिंदी महासागराकडून अटलांटिकमध्ये नेलेला. खोबऱ्याचे चार तुकडे टाकायचे आणि पांढरी बाजू किती, काळी किती बघायचं. चारही पांढरे पडले तर आपण आनंदाने उड्या मारू. जाणता सांतेरो म्हणतो, हो आहे, पण पुन्हा विचार. ठाम, निःशंक होकार मिळतो तो दोन पांढरे आणि दोन काळे पडले तर. निम्मा उजेड, निम्मा अंधार असला म्हणजे उत्तर स्थिर. एखादा निर्णय तुमच्या मनात घोळत असेल तर त्याची चार शकलं करून बघा. सगळीच पांढरी दिसत असतील तर घाई करू नका.

रक्ताबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ओरिशांना कोंबडा, कबुतर, गिनी कोंबडी, बोकड वाहतात. रक्त दगडांवर, मांस शिजवून सगळ्या मंडळींना. शुद्धीकरणाच्या काही विधींतलं मांस मात्र खात नाहीत. हे वाचताना पोटात कालवाकालव होत असेल तर होऊ द्या. तेही मननात धरा. फक्त एक तपासा: आपल्याकडच्या जत्रेतला बोकड आणि रविवारचं मटण आठवूनही ती होते का? फ्लोरिडातल्या हायलिया शहरात 1987 साली एर्नेस्तो पिचार्दो यांनी सांतेरियाचं मंदिर उघडायचं जाहीर केलं, तेव्हा नगरपालिकेने तातडीने बळीबंदीचे नियम केले. खाटीकखाना चालू, शिकार चालू, मासेमारी चालू, बंदी फक्त बळीला. 11 जून 1993 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते नियम रद्द केले. मी स्वतः त्या विधीला बसू शकलो नसतो. न्यायालयाचं बरोबर होतं, असं मात्र मला वाटतं.

ढोलांपाशी फार वेळ थांबत नाही, कारण ते ऐकायचे असतात. बाता नावाचे तीन दुतोंडी ढोल. सर्वांत मोठा तो आई. संस्कार केलेल्या ढोलात आन्या नावाची देवता राहते. क्यूबातला पहिला असा संच 1830च्या सुमारास आन्याबी आणि आतांदा या दोन आफ्रिकी गुलामांनी घडवला, असं ओर्तिसने नोंदवलं आहे. पहिली लय एलेग्वाची, मग क्रमाने बाकीच्यांची. एखाद्याच्या अंगात ओरिशा येतो. त्या माणसाला घोडा म्हणतात. ओरिशा त्याच्यावर स्वार होऊन नाचतो, लोकांना मिठ्या मारतो, कुणाला कानात काही सांगतो. उतरल्यावर घोड्याला काही आठवत नाही. ज्यांचं शरीर कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचं होतं, त्यांनी तेच शरीर अशा रीतीने आपल्या देवाला बसायला दिलं. याच्यावर मिनिटभर श्वास मोजत बसा. मला यापलीकडे काही सांगता येणार नाही.

दीक्षेनंतरचं वर्ष इयावोचं, म्हणजे नव्या दीक्षिताचं. वर्षभर पांढरे कपडे, डोकं झाकलेलं. पहिले काही महिने चटईवर बसून जेवायचं, आरशात बघायचं नाही. फोटो नाही, रात्री बाहेर भटकणं नाही, परक्याच्या हातात हात देणं नाही. नावानेही हाक मारत नाहीत, नुसतं इयावो. हवानाच्या बसमध्ये, बाजारात असं पांढऱ्यातलं माणूस सहज दिसतं आणि लोक त्याला थोडी जागा करून देतात. यातही व्यवहार शिरला आहे. दीक्षेचा खर्च सामान्य क्यूबन माणसाची कित्येक वर्षांची कमाई खाऊन टाकतो, आणि डॉलर घेऊन पर्यटकांना झटपट दीक्षा देणारेही आहेत. जुने लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात ते छापता येणार नाही.

आता पाय मोकळे करा. एक सूचना करून संपवतो. आपली आपण दीक्षा घेणं या धर्मात शक्यच नाही. माद्रिना किंवा पाद्रिनो लागतोच, आणि त्यांच्यामागे नावांची ती सगळी ओळ लागते. तेव्हा हे वाचून इंटरनेटवरून कवड्या आणि रंगीत माळा मागवू नका, दाराआड सिमेंटचं डोकं मांडू नका. त्याऐवजी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला फोन करा आणि तुमच्या पणजीचं माहेरचं नाव, गाव विचारा. सांगतील ते लगेच लिहून घ्या, कारण ते सांगू शकणारी माणसं फार उरलेली नाहीत.